वीस बाजूंच्या फाशाची पडताळणी

एकमत झालं की निरीक्षकांना संशय येतो. वजनमापं खात्यातल्या सत्तावीस वर्षांत त्यांनी अख्ख्या रांगेतले दुकानदार एका सुरात बोलताना दोनदाच ऐकले होते, आणि दोन्ही वेळा रांगेतला एकूण एक काटा खोटा निघाला होता. त्यामुळे त्या रविवारी संध्याकाळी बायको, मेहुणा, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि ग्रंथपाल अशी चार माणसं त्यांच्या खुर्चीभोवती उभी राहून "परीक्षक तुम्हीच!" असं एकदमच म्हणाली, तेव्हा निरीक्षकांनी पेपरची घडी केली, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "का?"

"कारण तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, दाजी," मेहुणा म्हणाला.

हे खरं होतं. म्हणूनच संशय वाढला. खरं कारण इतक्या पटकन सांगणारा माणूस त्याच्यामागे दुसरं कारण दडवून बसलेला असतो, असा निरीक्षकांचा अनुभव होता.

तर भांडण असं होतं. ही चौघं गेली तीन वर्षं दर रविवारी चार ते सात डॉक्टरीणबाईंच्या बंद दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत जमायची आणि एक खेळ खेळायची. निरीक्षक त्या वेळी आठवडी बाजारात लोकांचे काटे तपासत असत, त्यामुळे त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. घरात त्याचा उल्लेख ते 'तुझं ते रविवारचं' असा करत. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि त्यात कोणी जिंकत नाही. एकजण सूत्रधार होतो आणि सांगतो, की तुम्ही जंगलात आहात, समोर पूल आहे, आणि पुलाखाली काहीतरी हलतंय. बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर बनून आपण काय करतो ते सांगतात. केलेलं साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडला तर ड्रॅगनचं मुंडकं उडतं, एक पडला तर आपल्याच तलवारीत आपलाच पाय अडकतो.

सूत्रधार होत्या निरीक्षकांच्या पत्नी. शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यामुळे त्यांच्या काल्पनिक राज्यातल्या नद्यासुद्धा नेमक्या उताराच्या दिशेने वाहत. खेळही त्यांनीच रचलेला, शाळेच्या उरलेल्या वह्यांमध्ये लिहिलेला. गेल्या रविवारी त्यात मेहुण्याचा बुटका योद्धा ओल्या पायरीवरून घसरला आणि गेला. तीन वर्षं जपलेला योद्धा! मेहुणा म्हणाला, माझ्याकडच्या खेळात हे झालंच नसतं. त्याच्याकडे तीन जाडजूड खंडांचा खेळ होता, आणि त्यात ओल्या पायऱ्यांचं स्वतंत्र कोष्टक होतं, पान दोनशे चौदा. त्यावर ग्रंथपाल म्हणाले, की त्यांच्याकडच्या चाळीस पानी पुस्तिकेच्या खेळात पायरी ओली आहे की कोरडी हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं, तेव्हा खरा खेळ तोच. मग सगळ्यांत चांगला खेळ कुठला यावरून जी जुंपली, ती आठवडाभर फोनवर चालू राहिली. शेवटी ठरलं, की तिन्ही खेळ एकेकदा खेळून पाहायचे, एका तिऱ्हाइताने निकाल द्यायचा, आणि जो खेळ जिंकेल त्याचाच मालक यापुढे कायमचा सूत्रधार.

"आणि हरलात तर?" निरीक्षकांनी चौघांना विचारलं.

"तर मी नाही येणार," मेहुणा म्हणाला. ग्रंथपालांनीही मान डोलावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की त्यांचा खेळ कुठलाच नाही, पण ही भांडणं अशीच चालली तर त्यांना रविवारी झोपायलाही आवडेल.

"मी वह्या बांधून माळ्यावर टाकीन," बायको म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली. आठवड्याला बत्तीस तास शिकवून, गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासून ती सहा दिवस नुसती दमलेली असायची. सातव्या दिवशी मात्र जिना चढताना गुणगुणत यायची. हे गुणगुणणं बंद पडू नये असं निरीक्षकांना मनापासून वाटत होतं. पण सत्तावीस वर्षांत त्यांचा शिक्का कोणाच्या भिडेपोटी एकदाही उमटला नव्हता, हेही तितकंच खरं होतं. नाही म्हणावं तर 'घाबरले' म्हणतील, हो म्हणावं तर घरातच पक्षकार. निरीक्षक हो म्हणाले. कोणी त्यांच्या निःपक्षपातीपणावर शंका घेतली नसती, पण कोणी घेतलीच तर, म्हणून हो म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुढच्या तीन रविवारच्या बाजारांची रजा टाकली आणि 'तुलनात्मक तपासणी पत्रक' तयार केलं. अकरा रकाने, सहा कलमं. कलम चार असं होतं, की परीक्षकाचा कोणत्याही खेळाशी कसलाही संबंध नसावा, आढळल्यास त्याने ताबडतोब बाजूला व्हावं. हे कलम त्यांनी अधोरेखित केलं. मग सगळं साहित्य ताब्यात मागवलं. मेहुण्याने तीन खंड रिक्षात घालून आणले. ग्रंथपालांनी पुस्तिका खिशातून काढली. बायकोने पाच वह्या दिल्या. त्यांवर एक, दोन, तीन, पाच आणि सहा असे आकडे होते.

"चौथी?" निरीक्षकांनी विचारलं.

"चौथी खेळताना उघडेन."

"का?"

"तिच्यात गंमत आहे."

गंमत हा शब्द निरीक्षकांनी तपासणीच्या वेळी बऱ्याचदा ऐकला होता. काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक सापडला की दुकानदार हाच शब्द वापरत. त्यांनी बायकोला रीतसर लेखी सूचना दिली, की चौथी वही तीन दिवसांत सादर करावी. तिने त्याच कागदाच्या मागे लाल पेनने 'सूचना पाहिली' असं लिहून परत केला आणि शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दुरुस्त केल्या.

मग फासे. चौघांचे मिळून त्रेचाळीस निघाले. खात्याचा काटा खाजगी कामाला वापरायचा नाही म्हणून निरीक्षकांनी घरचा छोटा काटा काढला, प्रत्येक फासा तोलला, मिठाच्या पाण्यात तरंगवला आणि मग शंभर शंभर वेळा टाकला. सोमवार ते गुरुवार चालू होतं. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, की वर कोणी गोट्या खेळतंय का. त्रेचाळीसपैकी चार फासे नापास झाले, त्यातला एक मेहुण्याचा लाल फासा, जो शंभरात चौदा वेळा सतरा दाखवत होता.

"दाजी, तो माझा लाडका फासा आहे हो!"

"असणारच," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी तो पाकिटात घालून पाकिटाला लाख लावली.

या सगळ्यात चहाचा प्रश्न निर्माण झाला. निरीक्षक ड्यूटीवर कोणाच्या घरचा घोटभर चहा घेत नसत. आता बायकोच पक्षकार. मंगळवारी सकाळी तिने नेहमीसारखा कप आणून ठेवला, तर निरीक्षकांनी तो दोन बोटांनी दूर सारला.

"अहो, रोजचाच चहा आहे!"

"रोजचा असेल. पण रोज तू पक्षकार नव्हतीस."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग दोन्ही कप स्वतः प्यायली आणि शाळेत गेली. निरीक्षकांनी नोंदवहीत लिहिलं, 'पत्नीने चहा देऊ केला. नाकारला.' नंतर स्वतः चहा करायला गेले, तो उतू गेला, आणि गॅस पुसताना त्यांना जाणवलं की आपली खालची उजवी दाढ ठणकतेय. आता दाढ ठणकली तर जायचं कुठे? डॉक्टरीणबाईही या प्रकरणात होत्या. स्वतःचा खेळ नसला म्हणून काय झालं, कोणाच्या तरी बाजूच्या असणारच! दाढ त्यांच्या हातात देणं म्हणजे निकालच हातात देणं. निरीक्षकांनी दुसरा दंतवैद्य शोधला, तर त्याच्या भिंतीवरच्या पदवीदान समारंभाच्या फोटोत डॉक्टरीणबाई त्याच्या शेजारीच उभ्या! निरीक्षक खुर्चीतून उठले आणि गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालासकट घरी आले.

जागेचंही तसंच. दवाखाना ही पक्षकाराची जागा, म्हणून बाद. घर बाद. उरली इमारतीतली तळमजल्यावरची सभेची खोली, आणि त्या खोलीची किल्ली इमारतीच्या सचिवांच्या कमरेला. सचिव हे या जगात निरीक्षकांहून जास्त संशयी असलेले एकमेव गृहस्थ होते. दोघांना एकमेकांबद्दल आदर होता, पण तो दोघांनी कधी दाखवला नव्हता.

"खेळायला खोली?" सचिव अर्ज प्रकाशासमोर धरत म्हणाले.

"खेळायला नाही. तपासणीला."

"फासे आहेत का?"

"आहेत. तपासलेले."

"नियम नऊ. आवारात फासे, पत्ते आणि तत्सम..."

"नियम नऊ जुगाराचा आहे. यात कोणी काही लावत नाही आणि कोणी जिंकतही नाही."

"कोणी जिंकत नाही? मग खेळतात कशाला?"

हा प्रश्न निरीक्षकांनाही पडलेला होता. तोवर सचिवांनी अर्जाला जोडलेल्या यादीवर बोट ठेवलं. मेहुण्याने त्याच्या खेळात कोण कोण भेटणार ते लिहून दिलं होतं.

"हे एकोणीस जण कोण? पाहुण्यांच्या वहीत नोंद लागेल. ओळखपत्रं आणलीत?"

"ते राक्षस आहेत. काल्पनिक."

"तसं लिहून द्या."

निरीक्षकांनी लिहून दिलं, की 'सोबतच्या यादीतील एकोणीस राक्षस काल्पनिक असून ते इमारतीची लिफ्ट वापरणार नाहीत.' खाली सही केली. सही करताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सहीची दया आली. तरीही सचिवांनी एक अट घातलीच. तिन्ही रविवार ते स्वतः खोलीत बसणार, भिंतीला खुर्ची लावून, वही घेऊन.

बातमी जिन्यातून फिरायला वेळ लागला नाही. समोरच्या दारातले घड्याळं दुरुस्त करणारे शेजारी तर डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून बाहेर आले.

"वहिनींच्या विरुद्ध निकाल द्या," ते म्हणाले. "महिनाभर बोलणार नाहीत, पण मान राहील. बाजूने दिलात तर सगळे म्हणतील, घरचाच माणूस."

"आणि खरोखरच त्यांचा खेळ चांगला असला तर?"

"तर मग तुमचं काही खरं नाही," शेजारी म्हणाले आणि आत गेले. निरीक्षक जिन्यात उभे राहून बराच वेळ विचार करत होते, की या माणसाला मेहुण्याने तर पाठवला नसेल?

पहिल्या रविवारी जाड्या खेळाची पाळी. सूत्रधार मेहुणा. परीक्षकालाही एक पात्र घेऊन खेळावं लागणार होतं. चोर व्हायला निरीक्षकांनी तत्त्वतः नकार दिला, जादूगार व्हायला पुराव्याअभावी नकार दिला, आणि योद्धा झाले. मेहुण्याने सांगायला सुरुवात केली, की तुम्ही एका सराईत शिरता, सराईवाला हसून म्हणतो, या, पेलाभर सरबत घ्या, मग भुयारातल्या राक्षसाबद्दल सांगतो.

"पेला केवढा?" निरीक्षकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"त्यावर मापाची खूण आहे का? आणि हा का हसतोय?"

मेहुण्याने खंड एक चाळला, खंड दोन चाळला. तलवार धरून पोहण्याचं कोष्टक होतं, पिसाळलेल्या घुबडाचं वजन होतं, पण सराईतल्या पेल्याच्या मापाबद्दल चकार शब्द नव्हता. निरीक्षकांनी गुण कापले. पुढचे तीन तास त्यांचा योद्धा गावातल्या सराया तपासत हिंडला. एकोणीस राक्षस भुयारात वाट बघत राहिले. सातच्या ठोक्याला मेहुण्याचे केस उभे होते आणि सचिवांनी वहीत 'राक्षस आले नाहीत' अशी समाधानाने नोंद केली.

दुसऱ्या रविवारपर्यंत निरीक्षकांचा गाल चांगलाच सुजला होता. डॉक्टरीणबाईंनी दारातच त्यांची हनुवटी धरायचा प्रयत्न केला.

"साहेब, निकाल काय द्यायचा तो द्या, पण दाढ दाखवा."

"निकालानंतर."

"निकालापर्यंत दाढ राहायची नाही!"

यात धमकी आहे की काय, याचा निरीक्षक विचार करत असतानाच ग्रंथपालांचा बारका खेळ सुरू झाला. ग्रंथपाल मवाळ आवाजात म्हणाले, "इथे सूत्रधार हुकूम करत नाही. तुमच्यासमोर एक दार आहे. ते उघडल्यावर आत काय आहे, ते तुम्हीच सांगा, साहेब."

निरीक्षक सावध झाले. परीक्षकाकडूनच गोष्ट वदवून घ्यायची, म्हणजे उद्या तो तिच्याविरुद्ध निकाल देणार कसा? उघड उघड गुंतवण्याचा डाव.

"आत काही नाही," ते म्हणाले.

"बरं. मग तुम्ही पुढे जाता. समोर..."

"समोरही काही नाही."

"कोणीतरी हाक मारतं?"

"नाही मारत."

खेळ अकरा मिनिटांत आटोपला. ग्रंथपालांनी पुस्तिका मिटून खिशात ठेवली आणि ते खिडकीतून बाहेर बघत बसले. निरीक्षकांना त्यांची थोडी कीव आली, पण कीवेचा रकाना पत्रकात नव्हता.

त्या आठवड्यात निरीक्षक नीट झोपले नाहीत. निम्मं दाढेमुळे, निम्मं निकालामुळे. दोन खेळ जवळजवळ बाद झाले होते. म्हणजे बायकोचा खेळ नुसता बरा निघाला तरी तो जिंकणार, आणि जग म्हणणार की दोघांना याने मुद्दाम पाडलं. आणि तोही खराब निघाला तर? तिच्या वह्या दोरीने बांधून माळ्यावर चढवायचं स्टूल आपल्यालाच धरावं लागणार. या विचाराने त्यांना खरोखर वाईट वाटलं. शिवाय त्या चौथ्या वहीत काय आहे, हा किडा डोक्यात होताच. एकदा ती आंघोळीला गेलेली असताना वही टेबलावर उघड्यावर होती. निरीक्षक तिच्या अगदी जवळ गेले, हात मागे बांधून उभे राहिले आणि परत फिरले. पंचांशिवाय उघडायची नाही म्हणजे नाही.

तिसरा रविवार. बायकोने टेबलावर नकाशा पसरला, आणि हिरव्या पुठ्ठ्याची चौथी वही उघडली.

"तुम्ही एका शहराच्या वेशीपाशी पोचता," ती म्हणाली. "उंच तटबंदी आहे. शहरात काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. दरवाजा उघडाच आहे, पण दरवाजात एक द्वारपाल बसलाय. त्याच्यासमोर काटा आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं गाठोडं तो तोलतो."

निरीक्षकांनी पत्रकात 'काटा: उल्लेख आहे' असं लिहिलं. त्यांना बरं वाटलं. मग बायकोने दोनदा घसा खाकरला, पेन अंगठ्याच्या नखावर टकटक केलं, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "नाव? धंदा? गाठोडं खाली. हसायचं नाही, वजन हलतं."

मेहुणा नकाशातल्या एका तळ्याकडे टक लावून बघू लागला. डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडून बंद केली. निरीक्षकांचा स्वतःचा हात अर्ध्यावर थांबला होता. त्यात पेन होतं, आणि ते पेन नखावर टकटक करायच्या बेतात होतं.

"हा..." निरीक्षक म्हणाले. "हा कोण आहे?"

"द्वारपाल," बायको म्हणाली.

"किती दिवस आहे तो?"

"पहिल्या रविवारपासून."

"म्हणजे तीन वर्षं," निरीक्षक म्हणाले. सुजलेल्या गालामुळे त्यांचे शब्द नीट फुटत नव्हते, त्यामुळे अपमान आणखीच वाढला. "तीन वर्षं मी बाजारात उन्हात उभा, आणि तुम्ही सगळे दवाखान्यात पंख्याखाली बसून मला... दर रविवारी... चार ते सात!"

एकदा बाजारातल्या दुकानदारांनी त्यांचं चित्र काढून भिंतीवर चिकटवलं होतं तेव्हा त्यांना एवढं लागलं नव्हतं. ते परके होते. निरीक्षकांनी पत्रक पुढे ओढलं आणि कलम चारखाली लिहिलं, 'परीक्षक स्वतःच एका खेळात आढळून आल्याने बाजूला होत आहे. निकाल नाही.' सही, तारीख. मग ते उठले.

"म्हणजे निकालच नाही?" मेहुणा म्हणाला. "मग संपलंच की सगळं!"

"संपलं," बायको म्हणाली आणि तिने वही मिटली. एवढा वेळ ती निरीक्षकांकडे बघत होती, आता नकाशाकडे बघत होती. "मी सांगणार होते हो तुम्हाला. पण सांगितलं असतं तर तुम्ही वही मागितली असती."

"लोकांना हसायला..."

"हसतंय कोण, साहेब?" ग्रंथपाल पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "आम्हाला धाक आहे त्याचा! तेवीस वेळा प्रयत्न केलाय आम्ही. मी भिक्षू बनून गेलो, तर त्याने माझा कमंडलू तोलला आणि आतली तलवार काढली."

"मी तटावरून उतरायला गेलो," मेहुणा म्हणाला. "त्याने आधीच पायरीवर पाणी ओतून ठेवलं होतं. त्या पायरीवरूनच तर माझा बुटका गेला!"

"माझ्या जादूगारिणीने त्याला लग्नाची मागणी घातली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निरीक्षक दारापाशी थांबले. "मग?"

"म्हणाला, अर्ज करा. दोन साक्षीदारांसह."

"बरोबर आहे," निरीक्षकांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणून तर एकमताने तुमचं नाव घेतलं, दाजी," मेहुणा म्हणाला. "आम्हा चौघांना दुसरा कोणी माहीतच नाही की ज्याला पटवता येत नाही."

भिंतीला लावलेल्या खुर्चीवरून सचिवांनी घसा साफ केला. वही त्यांनी कधीच मांडीवर पालथी ठेवली होती. "लाच देऊन पाहिलीत का?" त्यांनी विचारलं. "माहितीसाठी विचारतोय."

"दिली की! पोतंभर सोनं, ड्रॅगनचं अंडं, एक बेट," ग्रंथपाल म्हणाले. "दर वेळी नोंदवून परत केलं त्याने."

मेहुण्याच्या मनात एकदम काहीतरी आलं. तो बहिणीकडे वळला. "ताई, एक मिनिट. लाच दिली तेव्हा तू फासा टाकलास? मला तर आठवत नाही."

बायकोने पेनाला टोपण लावलं.

"इथे सगळ्याला फासा टाकतात! मी पायरीवरून घसरलो तो फाशानेच. राजा खरं बोलतोय का, फासा. घोडा पाणी प्यायला का, फासा. आणि याने लाच घेतली की नाही, त्याला फासाच नाही?"

"नाही," बायको म्हणाली.

"तेवीस वेळांत एकदाही नाही?"

"गरजच वाटली नाही," ती म्हणाली. निरीक्षकांकडे न बघताच म्हणाली, आणि नकाशाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करत राहिली.

निरीक्षक दारात उभे होते. तपासल्याशिवाय, तोलल्याशिवाय, शंभर वेळा टाकून पाहिल्याशिवाय कोणी त्यांच्याबद्दल काही मान्य केलं होतं, असं सत्तावीस वर्षांत खात्यातही झालं नव्हतं. ते हळूच परत आले आणि खुर्चीवर बसले, पण या वेळी परीक्षकाच्या नव्हे, मेहुण्याच्या शेजारच्या.

"हे नियमाला धरून नाही," मेहुणा मात्र पेटला होता. "आता टाकू या. मी बेट देऊ करतो. एक पडला की तो लाच घेतो आणि आपण शहरात! विसात एक संधी. तीन वर्षांनी शहर बघायला मिळेल, ताई! दाजी, तुम्ही आता परीक्षक नाही, पण नियमाचे माणूस आहात. तुम्हीच सांगा. फासा टाकायला हवा की नको?"

सगळ्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं. नियमाने टाकायलाच हवा होता. ग्रंथपालांच्या डोळ्यांत शहराची हाव दिसत होती, डॉक्टरीणबाई खुर्चीच्या टोकाला आल्या होत्या, सचिव तर उठून टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. मेहुण्याने मूठ हलवायला सुरुवात केली. आत फासा खुळखुळत होता. बायकोने डोळे मिटून घेतले.

"बघू," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मेहुण्याने फासा त्यांच्या तळहातावर ठेवला. निरीक्षकांनी तो उजेडाकडे धरला. चष्मा वर सरकवून, खाली सरकवून पाहिला. वीसच्या वीस बाजू अंगठ्याने चाचपल्या. गुळगुळीत, बिनचूक, नवाकोरा फासा होता. गेल्या तीन आठवड्यांत एवढा खरा फासा त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

"कोपरा झिजलाय," ते म्हणाले. "नापास." आणि त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीतला हा त्यांचा पहिला खोटा शेरा.

"अहो, कुठे झिजलाय? दाखवा!" मेहुणा ओरडला. "मग उरलेलेही झिजलेच म्हणाल तुम्ही! पुढच्या रविवारी मी नवीन आणतो, दुकानातून, सीलबंद!"

"आण. आधी मी तपासणार."

"तपासा! मी रविवारी बरोबर चारला हजर असेन!"

"मीही," ग्रंथपाल म्हणाले.

"खोलीचा अर्ज पुन्हा करावा लागेल," सचिव म्हणाले, आणि मग जरा घुटमळून, आवाज खाली आणून त्यांनी बायकोला विचारलं, "बाई, पण समजा कोणाकडे रीतसर कागद असतील, तर तो आत सोडतो का?"

बायकोने वही पुन्हा उघडली. दोनदा घसा खाकरला. पण आवाज काही तिला काढता येईना. हसू येत होतं, डोळेही भरून आले होते, आणि टेबलाखाली तिने निरीक्षकांच्या हातावर हात ठेवला होता.

"रांगेत उभे राहा," तिच्याऐवजी निरीक्षकच म्हणाले.